खोटे अर्जदार, खरी परीक्षा

मुंबई–गोवा महामार्गाने नागोठणे मागे टाकून सुकेळी खिंड उतरले, की कोलाडच्या अलीकडे खांब हे गाव लागते. तालुका रोहा, जिल्हा रायगड. गावाचे नाव फक्त दोन अक्षरांचे! आता हेच नाव संगणकाला मोजायला सांगू. संगणक म्हणेल, ‘चार.’ कारण त्याच्या हिशेबी ख, काना, अनुस्वार आणि ब ही चार निरनिराळी चिन्हे आहेत. ती साठवायला जागा किती लागते असे विचारले, तर उत्तर येईल ‘बारा’! जगातल्या बहुतेक लिप्यांतील चिन्हांना एकेक क्रमांक देणारी ‘युनिकोड’ नावाची पद्धत आहे. ते क्रमांक साठवण्याच्या सर्वात प्रचलित रीतीत (तिला यूटीएफ-८ म्हणतात) साध्या रोमन अक्षराला एक बाइट जागा लागते, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट. चार त्रिक बारा.

तुम्ही म्हणाल, बारा लागोत नाहीतर वीस, आपल्याला काय त्याचे? पण फरक पडतो. २०२५ सालापासून अकरावीचे प्रवेश सबंध महाराष्ट्रात संगणकाद्वारे होऊ लागले. शिष्यवृत्ती, दाखले, सातबारा, रेल्वेचे आरक्षण ही कामेही संकेतस्थळावरचा अर्ज भरून होतात. अर्जाच्या मागे एक आज्ञावली काम करीत असते. तिच्यात बारीकशी चूक राहिली, तर खिडकीपलीकडे बसलेला कारकून जसे ‘असू दे, मी दुरुस्त करतो’ म्हणेल, तसे ती म्हणणार नाही. ती अर्ज परत करील, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचा साठवून ठेवील, आणि हे कळेपर्यंत मुदत संपलेली असेल.

म्हणून असा अर्ज लोकांसाठी खुला करण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी लागते. ही परीक्षा कशी घेतात आणि तीत ‘चिठ्ठ्या टाकून’ काढलेल्या माहितीचा कसा उपयोग होतो, ते या लेखात पाहू.

पोलादपूरचा अर्ज का अडकला?

एक उदाहरण घेऊ. समजा, शिष्यवृत्तीच्या एका काल्पनिक अर्जात ‘गाव किंवा तालुका’ असा रकाना आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याने त्यासाठी वीस बाइट जागा ठेवली. रोमन लिपीत वीस अक्षरे म्हणजे ऐसपैस जागा. त्याने ‘खांब’ लिहून पाहिले. बारा बाइट, नाव नीट साठले. ‘रोहा’ लिहिले, तेही बारा. ‘पेण’ला तर नऊच पुरले. झाले, परीक्षा संपली!

आता पोलादपूरची एक मुलगी अर्ज भरते. ‘पोलादपूर’मध्ये प, ओकार, ल, काना, द, प, ऊकार, र अशी आठ चिन्हे, म्हणजे चोवीस बाइट. वीस जागा भरल्यावर उरलेले चार बाइट कापले जातात. अठरा बाइटांत सहा चिन्हे बसतात आणि सातव्याचे तुकडे होतात. नोंदीत राहते ‘पोलादप’ आणि पुढे एक अर्थहीन खूण. पडताळणीच्या वेळी तिच्या दाखल्यावरचे नाव आणि संगणकातले नाव जुळत नाही, आणि अर्ज नामंजूर होतो. मुलीची चूक काहीच नाही. चूक आहे तीनच छोटी नावे तपासून समाधान मानणाऱ्याची.

यावर उपाय उघड आहे. पुष्कळ आणि तऱ्हेतऱ्हेचे अर्ज भरून पाहायचे. पण माणसाने हजार अर्ज हाताने भरायचे म्हटले, तर तो थकेल, कंटाळेल आणि नकळत ओळखीची सोपी नावेच पुनःपुन्हा लिहील. तेव्हा हे काम दुसऱ्या एका आज्ञावलीला देतात. ती पान उघडते, रकाने भरते, बटण दाबते आणि आलेले उत्तर अपेक्षेप्रमाणे आहे का ते ताडून पाहते. नाटकातल्या नटाला जशी संहिता, तशी ही चाचणीची संहिता. संकेतस्थळांसाठी अशा संहिता चालविणारे एक प्रसिद्ध साधन जेसन हगिन्स यांनी २००४ साली अमेरिकेत तयार केले. त्याचे नाव सेलेनियम. होय, आवर्तसारणीतील ३४ व्या मूलद्रव्याचेच नाव!

संहितेपुढील तीन अडचणी

संहितेत अर्जदाराची माहिती कायमची लिहून ठेवली, तर पहिली अडचण लगेच येते. पहिल्या दिवशी चाचणी यशस्वी होते. दुसऱ्या दिवशी तीच संहिता चालविली, की अर्ज उत्तर देतो, ‘या नावाने नोंदणी पूर्वीच झाली आहे.’ अर्जाचे बरोबरच आहे. एका विद्यार्थ्याने दोनदा अर्ज करू नये यासाठीच तो नियम असतो. तेव्हा प्रत्येक वेळी नवा अर्जदार हवा.

नवा अर्जदार कसा आणायचा? चिठ्ठ्या टाकून! नावांची एक यादी, आडनावांची दुसरी, गावांची तिसरी. प्रत्येकीतून डोळे मिटून एक चिठ्ठी उचलायची. अशा निवडीला गणितात ‘यादृच्छिक’ निवड म्हणतात. शेतीच्या पाहणीत कोणत्या शेतातील पीक कापून उतारा मोजायचा, हे अशाच निवडीने ठरवितात. साताऱ्याकडचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी ही पद्धत भारतात रुजविण्यात मोठा वाटा उचलला. पाहणी करणाऱ्याने आपल्या मर्जीने शेत निवडले, तर तो रस्त्यालगतचे आणि चांगले दिसणारे शेत निवडण्याचा संभव असतो. चिठ्ठीला मात्र आवडनिवड नसते. चाचणीतही चिठ्ठीचा हाच गुण कामी येतो.

चिठ्ठीने काढलेले नाव पुन्हा येणारच नाही, असे मात्र समजू नका. समजा, प्रत्येक खोट्या अर्जदाराच्या नावापुढे ०००० ते ९९९९ यांपैकी एक यादृच्छिक संख्या जोडली. दहा हजार संख्या आहेत, म्हणजे काही हजार अर्ज तरी निर्धास्त भरता येतील असे वाटते. प्रत्यक्षात सुमारे १२० अर्जांतच कोणत्या तरी दोघांची संख्या एक येण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक होते! कारण १२० अर्जांतून ७,१४० जोड्या पाडता येतात, आणि प्रत्येक जोडी ही टक्कर होण्याची एक संधी असते. म्हणून संख्या मोठी घ्यावी लागते, किंवा तिच्याबरोबर चाचणीची तारीख, तास, मिनिट आणि सेकंद जोडतात.

दुसरी अडचण निराळ्या प्रकारची आहे. संहितेने अर्ज भरला. आता तो खरोखर साठला का, हे पाहण्यासाठी तिला शोधाच्या पानावर जाऊन तोच अर्जदार शोधायचा आहे. नवशिका संहितालेखक येथे पुन्हा लिहितो, ‘यादृच्छिक नाव घे आणि शोध.’ संगणक आज्ञाधारकपणे दुसरी चिठ्ठी उचलतो. भरले ‘सुमन’चे नाव, शोधले ‘अशोक’चे, ते कसे सापडणार? मग नसलेल्या चुकीचा शोध सुरू होतो. यावर उपाय असा की चिठ्ठी एकदाच उचलायची, तिच्यावरचे नाव एका डब्यात ठेवायचे आणि पुढे प्रत्येक ठिकाणी डब्यातूनच घ्यायचे. बीजगणितात आपण ‘समजा क्ष = ५’ असे एकदा लिहितो आणि मग गणित संपेपर्यंत क्ष बदलत नाही. संगणकाच्या भाषांतही अशा डब्याला ‘चल’च म्हणतात. यादृच्छिक माहिती निर्माण करणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती जपून पुन्हा वापरणेही महत्त्वाचे.

तिसरी अडचण सर्वात त्रासदायक. रात्रभर संहिता चालली आणि सकाळी दिसले, की एक अर्ज फसला. कारण शोधायला पुन्हा चालविली, तर सगळे अर्ज सुरळीत! या वेळी चिठ्ठ्याच वेगळ्या निघाल्या. डॉक्टरांपुढे गेल्यावर दाढदुखी थांबावी, तसा हा प्रकार. दोष असतो, पण दाखविता येत नाही. आणि जो दाखविता येत नाही तो दुरुस्त करणे कठीण.

म्हणजे आपल्याला चमत्कारिक गोष्ट हवी आहे. चिठ्ठ्या वेड्यावाकड्या क्रमाने निघाव्यात, पण आपण म्हणू तेव्हा तोच वेडावाकडा क्रम पुन्हा मिळावा!

बीज तसे पीक

भौतिकशास्त्रात खऱ्या यादृच्छिक घटना आहेत. किरणोत्सारी पदार्थातील अमुक एक अणू कोणत्या क्षणी फुटेल, हे कोणालाच सांगता येत नाही. पण तशी घटना मागे फिरवून पुन्हा घडविताही येत नाही. संगणकाची गोष्ट उलट आहे. तो दिलेले गणितच करतो. त्यामुळे त्याच्या चिठ्ठ्या वरवर पाहता यादृच्छिक दिसल्या, तरी त्या गणिताने काढलेल्या असतात. त्यांना ‘आभासी यादृच्छिक’ संख्या म्हणता येईल.

जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९४० च्या दशकात सुचविलेली एक रीत पाहा. चार अंकी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, वर्ग आठ अंकी लिहा आणि मधले चार अंक उचला. १९७२ पासून सुरुवात करू. १९७२ चा वर्ग ०३८८८७८४. मधले अंक ८८८७. त्याचा वर्ग ७८९७८७६९, मधले ९७८७. पुढे ७८५३, मग ६६९६, मग ८३६४. क्रम कसा बेभरवशाचा दिसतो! पण ३७९२ घेऊन पाहा. वर्ग १४३७९२६४, मधले अंक पुन्हा ३७९२. गाडी तेथेच रुतली.

असे रुतणे आपल्याला देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या शोधामुळे परिचयाचे आहे. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करायची आणि हेच पुन्हा पुन्हा करायचे. १९७२ घेतल्यास ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या पायरीला ६१७४. मग ६१७४ सुटतच नाही. सगळे अंक सारखे नसतील, तर कोणतीही चार अंकी संख्या सात पायऱ्यांच्या आत येथेच पोचते. गणितप्रेमींना हा आनंद; पण चिठ्ठ्या काढण्याच्या कामी अशी रीत निरुपयोगी, कारण पुढच्या सर्व चिठ्ठ्यांवर एकच नाव!

आता चांगली चालणारी एक लहान रीत पाहू. हातातल्या संख्येला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागा आणि बाकी ठेवा. ही बाकी म्हणजे पुढची संख्या. ७ पासून सुरुवात केली, तर क्रम असा येतो: ७, ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४ आणि मग पुन्हा ७. शून्य ते पंधरा या सर्व संख्या एकेकदा आल्या, एकही सुटली नाही. सुरुवातीच्या संख्येला ‘बीज’ म्हणतात, आणि नाव अगदी समर्पक आहे. बीज तेच, तर पीकही तेच.

रायगड जिल्ह्याचे तालुके पंधरा. त्यांत आपले खांब मिळविले, की सोळा नावे झाली. त्यांना असे क्रमांक देऊ: ० खांब, १ अलिबाग, २ उरण, ३ पनवेल, ४ कर्जत, ५ खालापूर, ६ पेण, ७ सुधागड, ८ रोहा, ९ माणगाव, १० तळा, ११ मुरूड, १२ श्रीवर्धन, १३ म्हसळा, १४ महाड, १५ पोलादपूर. आता वीस बाइटांच्या त्या सदोष अर्जाची परीक्षा घेऊ. बीज ७ घेतले, तर सुधागड, पेण, अलिबाग, रोहा, मुरूड आणि तळा हे सहा अर्ज सुखरूप जातात. सातवा खालापूरचा. सात चिन्हे, एकवीस बाइट. एका बाइटने दोष पकडला गेला!

समजा, प्रत्येक वेळी चारच अर्ज भरायचे आहेत. बीज ३ असेल, तर पनवेल, उरण, म्हसळा, कर्जत, चारही उत्तीर्ण. बीज १० असेल, तर दुसऱ्याच अर्जाला खालापूर येते आणि चाचणी फसते. आज यश, उद्या अपयश, ही वर सांगितलेली तिसरी अडचण ती हीच. पण आता उपाय हाती आहे. संहितेने रोज नवे बीज घ्यावे, मात्र ते नोंदवहीत लिहून ठेवावे. फसली, की त्याच बीजाने पुन्हा चालवावी. तेच अर्जदार, त्याच क्रमाने, तोच दोष दाखवीत हजर होतात. दुरुस्तीनंतर पुन्हा तेच बीज पेरून दोष गेल्याची खात्री करता येते. एक अट मात्र आहे. संकेतस्थळाचे घड्याळ, आधी साठलेल्या नोंदी अशा बाकीच्या गोष्टीही पहिल्यासारख्या असल्या पाहिजेत. म्हणून चाचणीपूर्वी जुने खोटे अर्ज पुसून पाटी कोरी करतात.

खऱ्या आज्ञावल्यांत याहून पुष्कळ मोठी गणिते असतात. पायथन या संगणकभाषेतील नेहमीच्या यादृच्छिक संख्यांचा क्रम २^१९९३७ − १ पायऱ्यांनंतर फिरून येतो. ही संख्या लिहायची, तर सहा हजारांवर अंक लागतील! पायथनला आपण बीज देऊ शकतो. संकेतस्थळांवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेतील नेहमीच्या यादृच्छिक संख्येला मात्र बीज देण्याची सोय नाही. तेथे बीज घेणारी वेगळी आज्ञावली जोडावी लागते, किंवा निघालेली प्रत्येक चिठ्ठी नोंदवून ठेवावी लागते.

एक इशारा येथेच देतो. बीज कळले की सारे पीक कळते, हा चाचणीतला गुण इतरत्र मोठा दोष ठरतो. परवलीचे शब्द किंवा बँकेचे गुप्त आकडे अशा साध्या रीतीने कधीही काढू नयेत.

चिठ्ठीला शिस्त हवी

निव्वळ वेडेवाकडे लिहिलेले अर्ज उपयोगाचे नसतात. टपालाच्या पिनकोडचे उदाहरण घ्या. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी संस्कृत पंडितांच्या पुढाकाराने ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पेणचा पिनकोड ४०२१०७, रोह्याचा ४०२१०९. पहिला अंक विभाग दाखवितो. महाराष्ट्र आणि गोवा ४ मध्ये येतात. शून्याने सुरू होणारा पिनकोड नाही. तेव्हा सहाही अंक यादृच्छिक काढले, तर बरेचसे अर्ज दारातच अडतील आणि आतली आज्ञावली तपासलीच जाणार नाही. काही चिठ्ठ्या नियमात बसणाऱ्या हव्यात, आणि काही मुद्दाम नियम मोडणाऱ्या. पहिल्या स्वीकारल्या जातात का आणि दुसऱ्या नाकारल्या जातात का, दोन्ही पाहायचे.

सगळे चिठ्ठीवर सोपवूनही चालत नाही. २९ फेब्रुवारी ही जन्मतारीख घ्या. चार वर्षांच्या १,४६१ दिवसांत ती एकदाच येते. हजार यादृच्छिक जन्मतारखा काढल्या, तरी ती एकदाही न येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते. पण त्या तारखेला जन्मलेली मुले खरोखरच आहेत! तसेच ‘कऱ्हाड’. यातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हानेही लिहिता येतो, आणि र व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखे. पण आज्ञावली बेसावध असेल, तर एका रीतीने भरलेला अर्ज दुसऱ्या रीतीने शोधल्यावर सापडत नाही. अशी कडेची उदाहरणे माणसाने विचार करूनच यादीत घालावी लागतात. चिठ्ठी आपल्याला न सुचलेले शोधते. सुचलेले आपणच लिहायचे असते.

खरी माणसे का नकोत?

तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशाला? गेल्या वर्षीचे खरे अर्ज घेऊन चाचणी करावी. पण त्या अर्जांत खऱ्या मुलामुलींची नावे, पत्ते, पालकांचे उत्पन्न, बँकेची खाती असतात. ती त्यांनी शिष्यवृत्तीसाठी दिली, चाचणी करणाऱ्यांच्या संगणकांवर फिरण्यासाठी नव्हे. अशा माहितीचे रक्षण व्हावे म्हणून आपल्या संसदेने २०२३ साली कायदाही संमत केला आहे.

खोट्या माहितीतही खरा माणूस चुकून शिरू शकतो. यादृच्छिक दहा अंकी मोबाइल क्रमांक कोणाचा तरी खरा असू शकतो, आणि मग रात्री दोन वाजता भलत्याच माणसाला ‘आपला अर्ज नामंजूर झाला’ असा संदेश जातो! म्हणून चाचणीच्या काळात संदेश पाठविणारी यंत्रणा तोडून ठेवतात. ई-पत्त्यांसाठी तर उदाहरणापुरती काही नावे १९९९ सालापासून जगभर राखून ठेवलेली आहेत. ती कोणालाही विकत मिळत नाहीत. खोट्या अर्जदाराने तेथेच राहावे हे उत्तम.

करून पाहा

१. वरच्या सोळा संख्यांच्या क्रमाकडे नीट पाहा. विषम संख्येनंतर नेहमी सम आणि समनंतर विषम येते. असे का होते? (सूचना: ५ ने गुणून ३ मिळविल्यावर काय होते ते पाहा.) चिठ्ठ्यांच्या दृष्टीने हा गुण की दोष?

२. ५ ऐवजी ४ ने गुणून ७ पासून सुरुवात करा. सगळ्या संख्या येतात का? गाडी कोठे रुतते?

३. आपल्या वर्गातील सोळा नावांना क्रमांक द्या. एका मित्राला बीज मनात धरून चार नावे काढायला सांगा. यादी आणि रीत ठाऊक असल्यास पहिल्या नावावरूनच पुढची तीन तुम्हाला सांगता येतील. हीच किमया एखाद्या जादूगाराच्या हाती गेली, तर तो तिकीट लावील!

४. आपल्या गावाचे नाव यूटीएफ-८ रीतीने साठवायला किती बाइट लागतील ते काढा. वीस बाइटांच्या रकान्यात ते मावेल का? नसेल मावत, तर आपले गाव चाचणीच्या यादीत असायलाच हवे.